नाव खरवडलेली तबकडी

१

उबाल्दो चार्रिस रेकॉर्डवर सुई लावायला बसला की आधी खुर्ची अशी फिरवून घ्यायचा की यंत्र त्याच्या उजव्या कानाशी येईल. डावा कान अकरा वर्षांपूर्वीच गेला होता. उभी हयात भिंतीएवढ्या स्पीकरांना खेटून काढल्यावर तो शाबूत राहिला असता तरच नवल. गिऱ्हाइकांना मात्र याचा पत्ता नव्हता. कोलंबियातल्या अख्ख्या बारांकिया शहरात ज्याचा कान सगळ्यात तिखट म्हणून लोक लांबून टर्नटेबल घेऊन येतात, त्याने आपल्याकडे कान एकच आहे हे कशाला सांगत बसावं? अशा बसण्यात एकच अडचण होती. दार डाव्या बाजूला यायचं, त्यामुळे मागून कुणी आत आलं तरी त्याला कळायचं नाही. त्याची मुलगी यानेरिस म्हणूनच आधी खांद्यावर टिचकी मारायची आणि मग बोलायची.

त्या सोमवारी दातांचे डॉक्टर नोगेरा आले ते पाळण्यातलं मूल आणावं तसं यंत्र छातीशी धरून.

"मायेस्त्रो, जपानहून मागवलाय. हा सुईचा दांडा बघा. मागे कडं आहे ना, ते रेकॉर्ड वाजत असताना फिरवायचं. दांड्याचं शेपूट वर-खाली होतं."

"वाजत असताना?" उबाल्दो म्हणाला. "म्हणजे माणूस जेवत असताना तुम्ही त्याची दाढ काढणार?"

"तुमची काढून दाखवतो. फुकट."

"माझ्याकडे उरल्यात कुठे? असो. आवाजाला काय झालंय याच्या?"

"काही झालं नाही हो. पण अजून चांगला असेल असं सारखं वाटत राहतं. बायको म्हणते, हा आजारच आहे."

"बरोबर म्हणते. गुरुवारी या."

डॉक्टरांनी जाता जाता खिशातून दात बघायचा गोल आरसा काढून टेबलावर ठेवला. "सुईखाली ठेवायला तुम्हाला आरसा लागतो ना? जुना आहे, पण उकळलाय."

उबाल्दोने कामाला हात घातला. त्याचा क्रम ठरलेला होता. आधी यंत्र पाण्यासारखं सपाट. मग दांड्याच्या मागचं वजन सरकवून सुईचा भार पावणेदोन ग्रॅम. मग सुईखाली आरसा ठेवून सुई आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत येतंय का, एका अंगाला झुकलंय का ते भिंगातून बघायचं. सगळ्यात शेवटी दांड्याची उंची. शेपूट वर असलं तर आवाज किरकिरतो, खाली गेलं तर गोधडीत तोंड घालून गायल्यासारखा होतो. यामागे त्याचं एकच तत्त्व होतं आणि येईल त्याला तो ते ऐकवायचा: ज्या कोनात हत्याराने खाच कोरली, त्याच कोनात सुई उभी राहिली पाहिजे. तरच खाचेत आहे ते सगळं बाहेर येतं.

२

शेवटची परीक्षा तो गेली कित्येक वर्षं एकाच तबकडीवर घ्यायचा. त्या तबकडीला नाव नव्हतं. म्हणजे मुळात होतं, पण उबाल्दोनेच ते एक्क्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात ब्लेडने खरवडून काढलं होतं.

तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ विल्फ्रिदो मिळून 'अल्काराबान' नावाचा पिको चालवायचे. पिको म्हणजे रंगीत चित्रं काढलेले माणसापेक्षा उंच स्पीकर, शनिवारी रस्त्यात मांडायचे आणि सगळ्या वस्तीला नाचवायचं. समोर दुसऱ्याचा पिको असायचाच. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं गाणं, तो त्या रात्रीचा राजा. अशी गाणी आफ्रिकेहून खलाशी आणायचे. तबकडी हातात पडली की वेष्टन बंदरावरच फाडून पाण्यात, आणि घरी आल्या आल्या मधला नावाचा कागद ब्लेडने साफ. समोरच्याला गायकाचं नाव कळता कामा नये. सगळेच असं करायचे, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे.

त्या दिवशी विल्फ्रिदो बंदरावरून तबकडी घेऊन येत होता. वय एकोणीस. वाटेत पाऊस कोसळला आणि रस्त्यांचे आरोयो झाले. पाऊस पडला की उतारावरचे रस्ते नदी होऊन धावतात तो आरोयो. तो बस उचलून नेतो, तिथे माणसाचं काय घेऊन बसलात? कोपऱ्यावरच्या बंद औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर तो अडकला. पलीकडच्या काठाला. घर शंभर पावलांवर.

पेर्तूस नावाचा माणूस पावसात फळ्या टाकून लोकांना आरोयो पार करून द्यायचा. त्या दिवशी त्याच्या फळ्याही वाहून गेल्या होत्या. तो धापा टाकत प्लास्टिकचं पुडकं घेऊन आला.

"तुझ्या भावाने तिकडून फेकली, मी झेलली. पाण्याच्या आवाजात ओरडलेलं काही ऐकू येत नाही बाबा. वर काहीतरी लिहिलंय त्याने. बघ," म्हणाला, आणि आपल्या फळ्या शोधायला पळाला.

उबाल्दोने पुडकं सोडलं. नावाच्या कागदावर निळ्या बॉलपेनने दोन ओळी खरडलेल्या होत्या. त्याचं डोकंच फिरलं. गाढवाने गाण्याचं नाव ढळढळीत लिहून पाठवलंय! समोरच्या पिकोवाल्याचा मेहुणा नेमका खिडकीपलीकडे कॉफी पीत बसलेला होता. उबाल्दो खिडकीकडे पाठ करून बसला आणि छापील अक्षरांच्या आधी त्याने ती निळी शाई खरवडली. न वाचता. तबकडी मांडीवर फिरवत, फिरवत.

पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरातल्या कुठल्या तरी मिनिटाला पाणी औषधाच्या दुकानाच्या वरच्या पायरीवर चढलं. विल्फ्रिदो तिसऱ्या दिवशी नदीच्या मुखाशी सापडला, एका पायात बूट होता.

ते गाण्याचं नावच असणार, असं उबाल्दो त्रेचाळीस वर्षं स्वतःला सांगत आला होता. दुसरं काय असणार? पण ज्याला अर्ध्या तासाने घरी येऊन तोंडाने सांगता आलं असतं, तो भर पावसात भिजक्या बोटांनी गाण्याचं नाव कशाला लिहील? हा प्रश्न त्याने कुणाला कधी विचारला नाही. पिको विकला, लग्न केलं, बायको गेली, मुलगी मोठी झाली. प्रश्न होता तिथेच राहिला.

३

कड्याचं नवल उबाल्दोला वाटलंच. त्याचं सगळं आयुष्य दांडा उचल, स्क्रू सोड, अर्धा मिलिमीटर सरकव, परत वाजव, यात गेलं होतं. इथे तबकडी फिरतेय, बोट कड्यावर, आणि गिटार डोळ्यांदेखत पुढे येतेय. मधोमध कुठेतरी गायकाच्या ओठांचा ओलावा कळू लागला तेव्हा त्याने मान डोलावली. डॉक्टरांचं काम झालं होतं.

तेवढ्यावर उठला असता तर बरं झालं असतं. पण नवं खेळणं हातात आलेल्या माणसाचं असतं तसंच त्याचं झालं. कडं खाली कुठवर जातं बघू, म्हणून तो फिरवत राहिला. गाणं गोधडीत गेलं, मग संपलं. सुई मधल्या कागदाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात उतरली. तिथे एक बारीक गोल ओरखडा होता. त्या दिवशी ब्लेडचं टोक सटकून तिथे उतरलं होतं. सुई तिथे पोचली की नुसतं 'खर्र' व्हायचं. हजारदा ऐकलेलं.

आज ते एकसलग आलं नाही. खर्र. मग थोडी उसंत. खर्र, खर्र. उसंत. मग फुंकर मारल्यासारखा बारीक आवाज.

उबाल्दोने सुई उचलली. टेबलावरची लोखंडी पट्टी खाली पडली, तिचा आवाज त्याला फार मोठा वाटला. जानेवारीचा वारा सुटला होता, तेव्हा खिडकी थडथडत असणार, आणि शेपूट इतकं खाली गेल्यावर सुई टेबलाची थरथरसुद्धा उचलते, असं त्याने स्वतःला समजावलं. सगळं खरं होतं. पण फुंकर? भुसा उडवायला माणूस फुंकर मारतो. वारा मारत नाही.

४

मंगळवारी त्याने आपल्या जुन्या यंत्रावर तीच तबकडी लावली. त्याचा दांडा एकाच उंचीला कायमचा पक्का होता. नुसतं 'खर्र' आलं. पुन्हा डॉक्टरांच्या यंत्रावर लावली. खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला, यंत्राखाली घोंगडीची चौपदरी घडी घातली. उन्हात पत्र्याची खोली भट्टीसारखी तापली, घामाच्या धारा लागल्या, आणि आवाज आदल्या दिवशीपेक्षा स्पष्ट आला.

राहता राहिला स्वतःचा कान. दुसराही चालला असेल तर? कानाचं मरण असंच येतं हे त्याला अनुभवाने माहीत होतं. आधी नसलेलं ऐकू येतं, मग असलेलं ऐकू येत नाही.

दुपारी यानेरिस दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवरचं काम आटोपून आली. पानात बांधलेला माशाचा भात तिने त्याच्या मांडीवरच ठेवला.

"पापा, ही भट्टी कसली लावलीयस? आणि पंखा का बंद? वीजवाल्यांवर उपकार करतोयस?"

"बस इथे. हे ऐक. काय वाटतं सांग."

"आधी जेव. नंतर म्हणशील मुलीने थंड भात आणला."

"ऐक म्हटलं ना."

ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली. तिचे दोन्ही कान चांगले होते. चेहऱ्यावर आधी कंटाळा होता, मग भुवई वर गेली.

"कुणीतरी माशाचे खवले काढतंय," ती म्हणाली. "सुरीने. मधे मधे थांबतंय. कुठल्या देशातलं गाणं आहे हे?"

उबाल्दोला एका परीने हायसं वाटलं. कान शाबूत होता. मग लगेच त्याच्या लक्षात आलं की कान बिघडला असता तर बरं झालं असतं.

"आणि मागे पंखा आहे," यानेरिस सरळ होत म्हणाली. "एक पातं कशाला तरी लागतंय त्याचं. टिक, टिक. तुझा बंदच आहे ना?"

दोघांनीही वर पाहिलं. छताचा पंखा स्थिर होता, आणि त्याची पाती कशालाच लागत नव्हती.

५

वाकड्या पात्याचा पंखा या खोलीत एके काळी होता. आईने तो शहाऐंशी साली भंगारवाल्याला दिला.

यानेरिस गेल्यावर उबाल्दो कानात प्राण आणून बसला. कडं तो आता केसाएवढंच फिरवत होता. हे काय चाललंय ते त्याच्या हातांना डोक्याच्या आधी कळलं होतं. ब्लेड माणूस उभं धरत नाही, आडवं, कलतं धरतो. त्याच कलाने सुई लवली तर त्या ओरखड्यात जे काही असेल ते बाहेर येणार. त्याचंच तत्त्व, त्याच्याच अंगाशी.

पण ओरखड्यात असणार काय? ब्लेड म्हणजे काही ध्वनिमुद्रणाचं यंत्र नव्हे. हात थरथरतो, ती थरथर उमटते, एवढंच. ती पंखा कशी होईल? त्याने हे मोठ्याने स्वतःला विचारलं. पुढच्या वळणाला खरवडण्याच्या मागे कुणीतरी दातांमधून शीळ घालू लागलं, आणि उबाल्दोने टेबलाची कड घट्ट धरली.

ती शीळ त्याचीच होती. एकसष्टाव्या वर्षी पुढचे दात गेल्यापासून त्याला ती घालता येत नव्हती. चोवीस वर्षांचा उबाल्दो याच खोलीत, याच भिंतीकडे तोंड करून मजेत शीळ घालत भावाची अक्षरं खरवडत होता.

म्हातारा उबाल्दो रडला. लाज वाटण्यासारखं कुणी जवळ नव्हतं. त्या पोराचं मनगट धरावं, ब्लेड फेकून द्यावं आणि म्हणावं, वाच रे आधी, दोनच ओळी आहेत! पण तबकडीतल्या माणसाला काही सांगता येत नाही.

ओरखडा संपत आला. शीळ चालूच होती. आणि तिच्या मागे, खोलीच्या दाराच्या बाजूने, नवा आवाज आला. फच्. ओला पाय फरशीवर पडावा तसा. मग दुसरा, पण हा बुटातल्या पावलासारखा जड. मग टप. टप. टप.

सुई कागदाला जाऊन धडकली.

६

बुधवारी सकाळी त्याने भिंगातून ओरखडा पाहिला. ओरखड्याच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. सुईला काळी भुकटी चिकटली होती. ती खाच कोरताना कुणी वाजवायच्या हिशेबाने थोडीच कोरली होती? दर वेळी सुई ती खात होती. अजून एकदा वाजेल. नशीब असेल तर दोनदा.

म्हणून त्याने दिवसभर हात लावला नाही. जेवला नाही, झोपला नाही. खोलीत येरझाऱ्या घालताना दोनदा त्याचा पाय सरकला आणि दोन्ही वेळा त्याने खाली वाकून फरशीवर हात फिरवला. फरशी कोरडीच होती. नोव्हेंबरपासून पावसाचा टिपूस नव्हता.

डॉक्टर एक दिवस आधीच टपकले. आजारी माणसाला धीर कुठला?

"झालं का मायेस्त्रो? जरा ऐकवा की." त्यांनी स्वतःचीच एक रेकॉर्ड लावली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय? शेपूट जमिनीला टेकलंय. गायक विहिरीत पडल्यासारखा वाटतोय!"

"उद्या वर करून देतो."

"मग आत्ताच करा ना. कडं तर आहे."

डॉक्टरांनी कड्याकडे हात नेला आणि उबाल्दोने तो मनगटात धरला. फार जोरात धरला.

"डॉक्टर, पाया पडतो. उद्या चारनंतर या. कड्याला हात लावू नका. इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय?"

"तुम्ही बरे आहात ना?"

"नाही," उबाल्दो म्हणाला. कुणीतरी विचारल्याचं त्याला बरं वाटलं.

७

गुरुवारी दुपारी साडेतीनला त्याने दार उघडं ठेवलं, खुर्ची नेहमीसारखी फिरवली, सुई नीट उभी आहे का ते बघायला आरसा सुईखाली धरला. दारातून ऊन येत होतं. कोपऱ्यावरच्या ओट्यावर कुणीतरी डॉमिनोच्या सोंगट्या आपटत होतं. त्याने सुई कोऱ्या पट्ट्याच्या काठावर ठेवली आणि कडं शेवटपर्यंत खाली नेलं.

खर्र. फुंकर. वाकडं पातं. शीळ. सगळं इतकं स्वच्छ की त्याला आईच्या स्वयंपाकघरातल्या कॉफीचा वाससुद्धा आला. मग फच्, मग बूट. टप, टप.

शीळ थांबली. आणि त्याचाच कोवळा, वैतागलेला आवाज म्हणाला, "कोण? थांब, दोन मिनिटं. पाय पूस रे आधी, सगळीकडे पाणी करशील."

खर्र. खर्र. खर्र.

आणि उबाल्दोला आठवलं. हे विसरलेलं नव्हतंच. फक्त त्याने त्याला भलतंच नाव देऊन ठेवलं होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, पेर्तूस परत आलाय, कॉफी मागायला. काम आटोपून मान वळवली तेव्हा दारात कुणी नव्हतं. फरशीवर थारोळं होतं पाण्याचं, त्याने स्वतः फडक्याने पुसलं होतं ते. फडकं दोनदा पिळावं लागलं होतं. पेर्तूसने तर त्यानंतर कितीदा शपथेवर सांगितलं, मी परत आलोच नाही, मी फळ्यांमागे होतो. उबाल्दोने ते कानामागे टाकलं होतं.

भाऊ आला होता. कसा आला, तेव्हा त्याचं काय झालेलं होतं, याचा विचार करायला उबाल्दोचं मन धजेना. आला होता, आणि त्याला थांब म्हटलं होतं. धाकटा भाऊ होता तो. मोठ्याने थांब म्हटलं की थांबायचा.

ओरखडा संपला. सुईने ती खाच शेवटची खाल्ली होती, पुढे नुसती घरघर उरली. त्याने दांडा उचलला, यंत्र बंद केलं. तबकडी हळूहळू थांबली.

टप. टप. टप.

उबाल्दोने उजवा कान तळव्याने घट्ट दाबला. डॉमिनोच्या सोंगट्या गेल्या, वारा गेला, स्वतःचा श्वास गेला. थेंब मात्र पडतच राहिले. ते डाव्या बाजूने येत होते. अकरा वर्षं ज्या कानाला फटाकासुद्धा कळला नव्हता, त्या कानाने तो ऐकत होता.

तो हलला नाही. आरसा अजून त्याच्या हातात होता, दाताएवढा. त्यात सुई दिसत होती, तिचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि त्याही मागे, खाली, दाराच्या उन्हात, एक अनवाणी पाय आणि एक बूट. पायाची बोटं पाण्याने सुरकुतलेली होती. आरसा जरासा कलला तसं ते दृश्य निसटलं.

उबाल्दोला भीती वाटली. पण भीतीहून मोठं दुसरंच काहीतरी होतं. एवढा वेळ तो पोरगा उभा होता.

"झालं माझं," तो मागे न बघता म्हणाला. "चुकलो रे. बोल. काय लिहिलं होतंस?"

थेंब थांबले. मेलेल्या कानाशी, अगदी पाळीशी, गार दमट हवा आली, बोलण्याआधी माणूस घेतो तसा कुणीतरी श्वास घेतला. आणि पाण्याच्या गर्जनेपलीकडून ओरडून ओरडून घसा बसलेल्या आवाजात दोन ओळी आल्या.

"दोर घेऊन ये, बाल्दो. पाणी चढतंय."

८

यानेरिस कोपऱ्यावरून वळली तेव्हा तिचा सदुसष्ट वर्षांचा बाप रस्त्यातून अनवाणी धावत होता. खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. पिकोचे स्पीकर ट्रकवर बांधायचा तो जाडजूड दोर, पिको विकल्यावरही दारामागच्या खिळ्याला लटकून राहिलेला. तिने लहानपणापासून तो तिथेच पाहिला होता.

"पापा! अरे कुठे? पडशील!"

तो थांबला नाही. शंभर पावलं ओलांडून तो जुन्या औषधाच्या दुकानासमोर पोचला. तिथे आता मोबाइल विकायचे. रस्ता कोरडा ठणठणीत होता. शहराने आरोयो केव्हाच जमिनीखालच्या बोगद्यात घातला होता. वर नुसती एक रुंद लोखंडी जाळी उरली होती, गाड्या तिच्यावरून खडखडत जायच्या. उबाल्दोने दोराच्या टोकाला फास घातला, जाळीच्या गजांमधून खाली सोडला आणि सोडत गेला, सोडत गेला. ओट्यावरचे डॉमिनोवाले हसू लागले.

"मासे पकडतोस काय रे म्हाताऱ्या?"

"भावा, तिथे उंदीर आहेत, मासे नाहीत!"

उबाल्दोने दुसरं टोक कमरेभोवती गुंडाळलं आणि दुकानाच्या पायरीला टाच लावून मागे रेलला. यानेरिस त्याच्यापाशी पोचली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. बापाला असं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला भडभडून आलं. म्हातारपण हे असं एका दुपारीत येतं का, असं तिच्या मनात आलं.

"चल घरी," ती हळू आवाजात म्हणाली. "लोक बघतायत."

"यानेरिस, मागून धर."

"पापा..."

"धर ग बाई. एकट्याने मला नाही जमायचं. मला तेव्हाही..."

कधी कधी म्हाताऱ्यांचं मन राखावं लागतं. यानेरिसने पर्स बगलेत मारली, डॉमिनोवाल्यांकडे बघून कसनुसं हसली आणि त्याच्या पाठीमागे उभी राहून दोर हातात घेतला.

दोर ताठ होता. जाळीत अडकला असणार, तिला वाटलं. मग तो ढिला पडला, हातभर. आणि पुन्हा ताणला गेला. पुन्हा ढिला, पुन्हा ताण. कुणीतरी एका हातामागे दुसरा हात टाकत वर येताना दोर जसा होतो, तसा. तिच्या तळव्यांखालून सरकत वर येणारा दोर ओला होता आणि बर्फासारखा गार होता. ओट्यावरच्या सोंगट्यांचा आवाज थांबला होता.

"पापा," यानेरिस म्हणाली, "खालून कोण ओढतंय?"

"सोडू नकोस," उबाल्दो म्हणाला.